प्रिंटरच्या रांगेत बाबा

या पानावरचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, पण खरं सांगू? हसायला वाचते. कुणाला चिंचेखाली काही दिसलं, कुणाच्या मागच्या सीटवर कुणी येऊन बसलं... स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि चहा संपेपर्यंत लिहिणाऱ्याची यथेच्छ खिल्ली उडवायची, हा माझा जुना उद्योग. मी शाळेत विज्ञान शिकवते. "मॅडम, आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात येते" असं कुणी म्हटलं की त्याला फळ्यापाशी उभं करून "सिद्ध कर" म्हणणारी बाई मी. त्यामुळे आज कुणी माझं हे वाचून हसलं तर मला तक्रार करायचा हक्क नाही. हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

आमचं घर रायपूरला, बूढ़ापाऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत. पहिला मजला, भाड्याचा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजोबा रेल्वेत लागून अमरावतीकडून इकडे आले, बाबा इथंच जन्मले, मीही. बाबा सरकारी कार्यालयात स्टेनो होते. साहेब बोलणार, बाबा लघुलिपीत उतरवून घेणार आणि मग टाइप करून सहीला ठेवणार — तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तशी कार्यालयात पत्रांची नुसती झड लागली. बाबा रात्री आठ-आठला घरी यायचे आणि तरी खूश असायचे. "मंजू, आता भोपाळच्या तोंडाकडे पाहाचं काम नाही, सगळा कारभार इथंच!" असं म्हणायचे. पण काय लिहिलं, कुणाला लिहिलं, हे कधी सांगितलं नाही. डिक्टेशनची वही घरी आणायची नाही आणि भरली की फाडून टाकायची, हा त्यांचा नियम. मी त्यांची लघुलिपी आयुष्यात दोन-तीनदा पाहिली असेल, तीही लांबून, पेन्सिलीनं लिहिलेली, बारीक.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि शाईचा प्रिंटर. मी त्यावर माझ्या नावाचं खातं उघडलं, त्यांचं वेगळं उघडलं — Baba. दुपारी चार वाजता चहा घेऊन ते तिथं बसायचे, कॉलनीतल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. कार्यालयासारखंच, अगदी वेळेवर. आई तोवर गेलेली होती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ सुधीर, नागपूरला नोकरीला. घरात आम्ही दोघंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरला फक्त एक "हूं". भूक लागली? हूं. नाही लागली? हूं. पंखा लावू की बंद करू? हूं. डाव्या हातात पाटीची पेन्सिल दिली तर फेकून दिली. दुसऱ्यांदा दिली, पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा मी दिली नाही, कारण मलाच संताप आला होता.

दिवसा त्यांच्याजवळ सुखबती दीदी असायची, बीरगांवकडून येणारी, कामाला खमकी बाई. मी शाळेतून अडीचला यायची आणि मग माझी पाळी. अंथरूण बदलायचं, कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासायचे. एकदा भात भरवताना त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मी वाटी आपटली. "बाबा, मी अजून काय काय करू? सांगा ना!" असं ओरडले. ते माझ्याकडे बघत राहिले. मी आत जाऊन रडले, मग बाहेर येऊन भांडी घासली. हे आधीच सांगून ठेवते आहे.

प्रश्न होता नागपूरचा. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — तिकडं नेऊन ऑपरेशन केलं तर थोडं सुधारेलही, पण प्रवास आणि ऑपरेशन दोन्ही झेपतील याची खात्री ते देणार नाहीत. घरी ठेवलं तर आहे तसं चालेल, जितकं चालेल तितकं. मग त्यांनी विचारलं, "पेशंटची स्वतःची इच्छा काय आहे?" मी आणि दादा बाबांकडे बघायला लागलो. बाबा म्हणाले, "हूं."

दादानं नागपूर ठरवून टाकलं. रोज फोन. "तू काहून इतकी घाबरून राहिली मंजू? मी सगळं पाहून ठेवलं ना. इथं मोठे डॉक्टर आहेत. तिथं पडल्या पडल्या काय होणार आहे त्याईचं?"

"दादा, पण बाबांले काय पाहिजे ते..."

"त्याईले बरं व्हायचं आहे, अजून काय पाहिजे!"

मला स्वतःलाच कळत नव्हतं काय बरोबर आहे. त्यांना ठेवून घ्यावं म्हटलं तर ती माझी माया की माझी भीती? न्यावं म्हटलं तर तो उपाय की माझी सुटका? मला फक्त एकदा त्यांच्याकडून हो किंवा नाही हवं होतं.

आणि याच दिवसांत प्रिंटरनं सुरुवात केली.

शाळेचे सहामाहीचे पेपर मी घरी काढायची. चारच्या सुमाराला प्रश्नपत्रिका छापायला दिली. प्रिंटर घरघरला, एक पान बाहेर आलं — पण माझं नाही. पानभर आडव्या, बारीक-जाड रेघा, आकडे मोडल्यासारख्या वळलेल्या, मध्ये मध्ये ठिपके. फिकट, तुटक. मग माझी प्रश्नपत्रिका आली, स्वच्छ. मला वाटलं शाई अडकली असेल. पान चुरगाळून टोपलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, चारलाच. तिसऱ्या दिवशी मी छापायला काही दिलंच नव्हतं, तरी एक पान आलं. तेव्हा मी खाली कोपऱ्यातल्या प्रिंटरच्या चित्रावर क्लिक करून त्याची रांग उघडली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — प्रिंटरला दिलेली कामं एकाखाली एक उभी असतात, रेशनच्या दुकानात असतात तशी. कामाचं नाव, कुणी दिलं, किती पानं, किती वाजता. तिथं एक काम होतं. नाव काहीच नाही. एक पान. वेळ चार वाजून दोन मिनिटं. आणि कुणी दिलं त्या रकान्यात — Baba.

मी मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा पलंगावर होते, मान खिडकीकडे, म्हणजे टेबलाकडे. उजवा हात उशीवर, मी ठेवला होता तसाच.

आता मी काय विचार केला असेल? भूत? अजिबात नाही. मी म्हटलं, त्यांचं खातं मागे उघडं राहिलं असणार, जुनं एखादं काम अडकलं असणार. त्यांच्या खात्यात जाऊन सगळं बंद केलं. पुढच्या दिवशी चारला पुन्हा एक पान. मग मी त्यांचं खातंच काढून टाकलं. माउस फिरत होता तेव्हा मला फार वाईट वाटलं... जिवंत माणसाचं नाव पुसतो आहोत असं काहीसं. तरी पुसलं. दुसऱ्या दिवशी चारला रांगेत नाव — Baba.

सदर बाजारातून कॉम्प्युटरवाल्या भैयाला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, पान उजेडात धरलं आणि म्हणाला, "मैडम, हेड चोक है. सफाई करनी पड़ेगी." सफाई केली, शाई बदलली. माझी पानं आणखी झकास यायला लागली आणि ते पानही आणखी ठळक. नावाचं विचारलं तर म्हणाला, "वो तो पुराना नाम रह जाता है कहीं." कुठं राहतं ते त्यालाही सांगता आलं नाही. इंटरनेट आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं होतं आणि ती तार बहुतेक वेळा काढलेलीच असायची. म्हणजे बाहेरून कुणी काही पाठवतंय म्हणावं तर तेही नाही.

मग मी सेटिंगमध्ये शिरले. वैज्ञानिक पद्धत! प्रिंटर फक्त सकाळी सहा ते आठ चालेल असं करून ठेवलं. चारला काम आलं, रांगेत थांबून राहिलं आणि सकाळी सहाला सगळ्यांत आधी छापलं गेलं. मग वेळेची ती अट काढली आणि माझ्या कामांना नव्व्याण्णव नंबरचा अग्रक्रम दिला, तो सगळ्यांत वरचा. तरी ते आधी. मग मी ते काम रद्द करायला लागले. कधी पटकन जायचं, कधी 'रद्द होत आहे' असं दाखवत तासन् तास तिथंच उभं राहायचं. हळूहळू मला त्याचा राग यायला लागला. घरात आजारी माणूस, शाळेत परीक्षा, दादाचे फोन, आणि वर हे!

सुखबती दीदीला विचारलं, दुपारी कुणी कॉम्प्युटरला हात लावतं का.

"कोनो नइ आवय दीदी. मैं तो उहीच मेर बइठे रहिथौं." मग म्हणाली, "फेर बाबूजी चार बजे ले ओतीच देखत रहिथे. बलाबे, तभो नइ देखय. दूध घलो नइ पियय."

"तिकडंच बघतात म्हणजे बाहेर बघत असतील, खिडकी आहे ना."

"हव," ती म्हणाली. पण तिला पटलं नव्हतं, मला दिसत होतं.

त्या पानांपैकी एक मात्र टोपलीत गेलं नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आणि ते औषधांच्या फायलीत लावलं. पाठकोरा कागद फेकायचा नाही, ही बाबांचीच सवय.

निघायचा दिवस आला. ॲम्ब्युलन्स अकराला येणार होती. दादा आदल्या दिवशीच आला होता. नागपूरच्या हॉस्पिटलचा फॉर्म आणि जुन्या तपासण्यांचा गोषवारा त्यानं सीडीत आणला होता, तो छापून सोबत न्यायचा होता. मी साडेदहाला छापायला दिला. काही हलेना. रांग उघडली — माझ्या कामाच्या वर सात कामं उभी होती. सातही Baba. एरवी रोज एक यायचं. वेळ कुठलीच चारची नव्हती, सगळी त्याच सकाळची, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं. सगळी अडकलेली.

"झालं का मंजू? गाडी गल्लीत येऊन राहिली," दादा बाहेरून ओरडला.

मी एकेक रद्द करून पाहिलं. जाईनात. मग मी छपाईची सेवाच बंद केली, ज्या फोल्डरमध्ये ती कामं साठतात ते उघडलं, शेवटचं माझं सोडून सगळं निवडलं आणि डिलीट दाबलं.

त्याच क्षणी आतून बाबा ओरडले. हूं नाही. पोटातून आलेली, लांब, चिरकी आरोळी. सुखबती दीदी धावली, दादा धावला. मी खुर्चीतून उठलेच नाही, कारण सेवा पुन्हा चालू करताच प्रिंटर सुरू झाला होता आणि माझा फॉर्म बाहेर येत होता. मला पान धरायचं होतं. मी पान धरलं... एवढंच मला आठवतं.

त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा डाव्या हातानं त्यांनी दाराची चौकट पकडली. दादा हळूच म्हणाला, "बाबा, सोडा, बरं होऊनच परत यायचं आहे." त्यानं एकेक बोट सोडवलं. दादा वाईट माणूस नाही, हे मला इथं लिहायलाच हवं. बोटं सोडवताना तो रडत होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांचं सगळं केलं, कुणाला बोल लावायला जागा नाही. बाबा दहाव्या दिवशी गेले. त्या दहा दिवसांत त्यांनी "हूं" सुद्धा म्हटलं नाही. मी समोर जाऊन बसले की डोळे मिटून घ्यायचे. मला वाटलं, ग्लानी असेल.

तेरवी रायपूरला, घरीच केली. साहू काका आले होते. बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे स्टेनो, वीस वर्षांची संगत. एक रजेवर गेला की दुसरा त्याची वही वाचून पत्रं पूर्ण करायचा, इतका त्यांना एकमेकांचा हात माहीत. सगळे जेवून गेले, दादा खाली भांडीवाल्याशी बोलत होता. मी औषधांची फाईल रिकामी करत होते. उरलेल्या गोळ्या कुणा गरजूला द्याव्यात म्हणून वेळांचा तो कागद काढून बाजूला ठेवला. तो उलटा पडला. काकांनी सहज उचलला, चष्मा वर केला आणि बघतच राहिले.

"बेटी, ये भाऊसाहब ने कब लिखा?"

"काय?"

"ये." त्यांनी रेघांवर बोट ठेवलं. "ये तो उन्हीं का हाथ है."

मी म्हटलं, काका, ते प्रिंटर बिघडला होता त्याचं पान आहे. काकांनी मान हलवली. कागद आडवा होता तो उभा केला आणि घसा साफ केला — अगदी साहेबापुढे वाचून दाखवायला उभे राहतात तसे. बाबांना लघुलिपी हिंदीतलीच येत होती, तीही सरकारी. घरात माझ्याशी जन्मभर मराठीत बोललेल्या माणसाचं ते पत्र काकांनी हिंदीत वाचलं.

"स्मरण पत्र क्रमांक छह. प्रति, मंजू. विषय — मुझे नागपुर न ले जाने बाबत. संदर्भ — मेरे पूर्व के पत्र तथा पाँच स्मरण पत्र."

मला माहीत आहे हे. सरकारी कार्यालयात पत्राला उत्तर आलं नाही की माणूस भांडायला जात नाही. तो स्मरणपत्र पाठवतो. तरी आलं नाही की दुसरं. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची स्मरणपत्रं टाइप केली होती.

काका वाचत होते. "विषयांतर्गत लेख है कि प्रार्थी इसी घर में रहना चाहता है. जितने दिन हैं, यहीं पर्याप्त हैं. सुधीर को समझाने का कष्ट करें. इस संबंध में बार-बार लिखने पर भी आपका उत्तर अप्राप्त है."

ते थांबले. मी म्हटलं, पुढे वाचा. ते म्हणाले, "रहने दे बेटी." मी पुन्हा म्हटलं, वाचा.

"उत्तर न मिलने से प्रतीत होता है कि आप मुझसे रुष्ट हैं. मेरे कारण आपको बहुत कष्ट हुआ है. क्षमा करें."

खाली सही नव्हती. काकांनी कागद माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तो कॉम्प्युटर गेला, प्रिंटर गेला. बाबा गेल्यानंतर रांगेत त्यांचं नाव पुन्हा कधी आलं नाही; कितीतरी दिवस मी चार वाजता ती रांग उघडून बसायची. मी शाळेतल्या कॉम्प्युटर सरांना विचारलं, ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. नाव कसं राहू शकतं ते सगळे सांगतात. ज्या माणसाचा लिहिता हात मेला होता, त्याचं लिहिलेलं पान तिथं कसं पोचलं ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यानं ती बोटं सोडवली होती, त्याला कसं सांगू? कदाचित हे छापून आलेलं त्याच्या हाती पडेल.

सहावं स्मरणपत्र माझ्यापाशी आहे. त्याआधीची मी कचऱ्यात टाकली आणि त्यानंतरची, शेवटच्या सकाळची सातही, न वाचता पुसली. त्यांत काय होतं ते आता कुणालाच वाचता येणार नाही. आणि उत्तर पाठवायचं ठरवलं तर कुठल्या रांगेत टाकू, तेही मला कळत नाही.

मी रागावले नव्हते, बाबा. थकले होते फक्त.